कोऱ्या मशीनवर टिकेल असं बिल्ड डॉक्युमेंट: क्रॉस-प्लॅटफॉर्म लायब्ररीसाठी

सीआय (प्रत्येक बदलावर बिल्ड आणि टेस्ट आपोआप चालवणारी यंत्रणा) हिरवं आहे, रीडमीत बिल्डच्या चार ओळी आहेत, तरी इश्यूंमध्ये तेच प्रश्न फिरून फिरून येतात: सिम्बॉल सापडत नाही, डीएलएल (विंडोजची शेअर्ड लायब्ररी फाइल) सापडत नाही, ‘सीएल’ ही मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरची आज्ञाच ओळखली जात नाही. त्या चार ओळी खोट्या नसतात. लिहिणाऱ्याच्या मशीनवर त्या खऱ्याच असतात. पण त्या मशीनवर कंपायलर, पाथमधल्या नोंदी, कधीतरी टाकलेलं एखादं पॅकेज, मागच्या बिल्डची कॅश असं बरंच काही साचलेलं असतं. वाचकाकडे यातलं काहीच नसतं.

खालची पद्धत सी आणि सी++ लायब्ररींसाठी, सीमेक (बिल्डची तयारी करणारं टूल) गृहीत धरून लिहिली आहे. आज्ञांची आणि पर्यायांची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. तुमच्या डॉक्युमेंटमध्ये ती मूळ रूपात, जशीच्या तशी कॉपी करता येतील अशीच द्या.

## टप्पा १: शेवटचं पान आधी लिहा

बहुतेक बिल्ड डॉक्युमेंटं ‘बिल्ड यशस्वी’ या ओळीवर थांबतात. वाचकाला मात्र तुमची लायब्ररी बिल्ड करायची नसते, स्वतःच्या प्रोग्रॅमला जोडायची असते. बिल्ड ही वाटेतली कटकट आहे. म्हणून लिहायला बसल्यावर पहिलं काम एकच. एक वेगळा फोल्डर घ्या, त्यात लायब्ररीचा आवृत्ती क्रमांक छापणारा दहा ओळींचा प्रोग्रॅम आणि पाचेक ओळींची सीमेकलिस्ट्स फाइल ठेवा. त्या फाइलने लायब्ररी ‘फाइंड पॅकेज’ (इन्स्टॉल झालेली लायब्ररी शोधणारी सीमेकची आज्ञा) वापरूनच शोधली पाहिजे. हा प्रोग्रॅम चालून आवृत्ती छापली गेली की डॉक्युमेंट संपलं. बाकीचे सगळे टप्पे वाचकाला इथवर आणण्यासाठी आहेत.

हा फोल्डर रेपोतच ठेवा, पण मुख्य बिल्डला जोडू नका. जोडलात तर तो इन्स्टॉल केलेल्या फाइलींऐवजी मुख्य बिल्डमधल्या शेजारच्या टार्गेटवर (बांधायच्या वस्तूवर) चालेल आणि इन्स्टॉलमधली चूक कधीच दिसणार नाही.

खूण: लायब्ररीत बदल करून पाठवणाऱ्यांसाठीच्या सूचना (फॉरमॅटर, लिंटर, सॅनिटायझर) या पानावर आल्या असतील, तर त्या उचलून वेगळ्या फाइलमध्ये न्या. त्यांचा वाचक वेगळा असतो.

## टप्पा २: काय चालतं त्याचा तक्ता

‘विंडोज, लिनक्स, मॅक सपोर्टेड’ या वाक्यातून काहीच कळत नाही. तक्त्यात प्रत्येक ओळीला ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती, आर्किटेक्चर, कंपायलरची किमान आवृत्ती आणि दर्जा लिहा. दर्जे तीनच पुरतात: सीआयमध्ये तपासलं जातं, चालायला हवं पण रोज तपासत नाही, चालत नाही. ‘कदाचित’ असा दर्जा नको.

सीमेकच्या किमान आवृत्तीत सर्वाधिक गफलत होते. प्रकल्पाच्या फाइलीत ३.१० मागितलेली असते, आणि डॉक्युमेंटमधल्या आज्ञा मात्र नव्या सीमेकच्या असतात. ‘इन्स्टॉल’ हा थेट पर्याय ३.१५ पासून आहे, कॉन्फिगर प्रीसेट (फाइलीत आधीच लिहून ठेवलेले पर्याय) ३.१९ पासून, सीटेस्टला (सीमेकसोबतच्या टेस्ट चालवणाऱ्या टूलला) बिल्ड फोल्डर सांगणारा ‘टेस्ट-डिर’ ३.२० पासून आणि जुनी कॅश बाजूला सारून कोरं कॉन्फिगर करणारा ‘फ्रेश’ ३.२४ पासून. डॉक्युमेंटमधली सर्वांत नवी आज्ञा ज्या आवृत्तीत आली, ती वाचकासाठी खरी किमान आवृत्ती. दुसऱ्या टोकालाही सांभाळा: सीमेक ४.० ने ३.५ च्या आधीची सुसंगतता काढून टाकली. त्यामुळे तुमची फाइल ठीक असूनही सोबत ओढलेली एखादी जुनी लायब्ररी कॉन्फिगरलाच अडते.

लिनक्सच्या ओळीत डिस्ट्रोच्या नावाइतकीच जीलिबसीची (लिनक्सवरच्या मूळ सी लायब्ररीची) आवृत्ती महत्त्वाची. उबुंटू २२.०४ वर जीलिबसी २.३५ आहे, २०.०४ वर २.३१. नव्यावर बांधलेली बायनरी जुन्यावर ‘जीलिबसी २.३४ सापडली नाही’ असं सांगून थांबू शकते; उलट दिशेला सहसा अडचण येत नाही. म्हणून तयार बायनरी वाटणार असाल तर चालवायच्या यादीतल्या सर्वांत जुन्या सिस्टिमवर बांधा, आणि कुठे बांधली ते तक्त्यात लिहा. मॅकवर हेच काम डिप्लॉयमेंट टार्गेट करतं. ते न दिल्यास बायनरी बांधणाऱ्याच्या मशीनवरच्या आवृत्तीला चिकटते.

## टप्पा ३: पूर्वतयारी, प्रत्येक वस्तूला पुराव्यासह

प्रत्येक पूर्वअटीखाली तीन गोष्टी द्या: काय टाकायचं, ते बसलं हे तपासणारी आज्ञा, आणि त्या आज्ञेने काय छापायला हवं. तिसरी गोष्ट सगळे गाळतात. आज्ञा चालली म्हणजे योग्य वस्तू चालली असं नसतं. कोऱ्या विंडोजवर ‘पायथन’ टाइप केलं की पायथन नसतानाही स्टोअरची खिडकी उघडू शकते.

विंडोजसाठी ‘व्हिज्युअल स्टुडिओ टाका’ एवढं पुरत नाही. इन्स्टॉलरमध्ये ‘डेस्कटॉप डेव्हलपमेंट विथ सी++’ हा वर्कलोड निवडल्याशिवाय कंपायलर येत नाही. तो आला तरी साध्या टर्मिनलला सापडत नाही. त्यासाठी व्हिज्युअल स्टुडिओसोबत येणारा प्रॉम्प्ट उघडावा लागतो. इथे एक खड्डा आहे. स्टार्ट मेनूतला ‘डेव्हलपर कमांड प्रॉम्प्ट’ ३२ बिटसाठी सजलेला असतो. त्यात निंजा (बिल्ड चालवणारं टूल) वापरून बिल्ड केलं तर लायब्ररी मुकाट्याने ३२ बिटची होते, आणि एरर फार उशिरा, वाचकाचा ६४ बिट प्रोग्रॅम लिंक होताना येते. म्हणून ‘एक्स६४ नेटिव्ह टूल्स कमांड प्रॉम्प्ट’ हे नाव पूर्ण लिहा. तपासणी म्हणून नुसतं ‘सीएल’ चालवायला सांगा आणि पहिल्या ओळीच्या शेवटी ‘एक्स६४’ दिसतं का ते पाहायला सांगा.

मॅकवर कमांड लाइन टूल्स पुरतात, पूर्ण एक्सकोड मुख्यतः आयओएससाठी लागतो. हे वेगळं लिहा, डाउनलोडचा बराच वेळ वाचतो. होमब्रू (मॅकचा पॅकेज मॅनेजर, थोडक्यात ब्रू) अॅपल सिलिकॉनवर ‘ऑप्ट’खाली आणि इंटेल मॅकवर ‘युएसआर लोकल’खाली बसतं. डॉक्युमेंटमध्ये यातला एकच पाथ ठोकून दिला तर अर्ध्या वाचकांना अवलंबित लायब्ररी सापडणार नाहीत. ब्रूलाच त्याचा प्रीफिक्स (ज्या फोल्डरखाली तो बसला तो) विचारणारी आज्ञा द्या.

सोर्स मिळवण्याचा भाग छोटा वाटतो, पण इथे तीन गोष्टी हमखास राहतात:

- सबमॉड्यूल (रेपोच्या आत जोडलेले दुसरे रेपो) असतील तर क्लोनची आज्ञा त्यांच्यासकट द्या. गिटहबवरून झिप उतरवली तर सबमॉड्यूलचे फोल्डर रिकामे येतात, हे त्याच ओळीखाली लिहा.
- विंडोजवर गिट ओळींचे शेवट बदलू शकतं. मग तीच शेल स्क्रिप्ट लिनक्स कंटेनरमध्ये ‘बॅड इंटरप्रिटर’ म्हणून पडते. हे वाचकाला समजावत बसू नका. गिटअॅट्रिब्यूट्स फाइल टाकून विषय संपवा.
- विंडोजची पाथची जुनी मर्यादा २६० अक्षरांची आहे. सबमॉड्यूलमधले सबमॉड्यूल ती सहज ओलांडतात. ड्राइव्हच्या मुळाशी आखूड नावाचा फोल्डर करायला सांगा.

यादीतला दुसरा मुद्दा सूचना कधी द्याव्यात याबद्दलच आहे. जी अडचण रेपोतल्या एका फाइलीने मिटते तिच्यावर परिच्छेद लिहू नये.

## टप्पा ४: कॉन्फिगर आणि बिल्ड

आधी शेलचा प्रश्न. लांब आज्ञा पुढच्या ओळीवर नेताना बॅशमध्ये बॅकस्लॅश, विंडोजच्या सीएमडीत कॅरेट आणि पॉवरशेलमध्ये बॅकटिक लागतो. विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेल ५.१ ला दोन अँपरसँडने जोडलेल्या आज्ञा कळत नाहीत. शिवाय तिथे पर्यायाच्या किमतीत टिंब असेल, उदाहरणार्थ ३.५, तर अवतरणांशिवाय तो पर्याय मधूनच तुटू शकतो. यावर सोपा तोडगा असा: प्रत्येक आज्ञा एका ओळीत मावेल इतकी आखूड ठेवा आणि एका ओळीत एकच आज्ञा द्या. न मावणारे पर्याय प्रीसेटच्या फाइलीत जाऊ द्या. आज्ञेच्या आधी डॉलरचं चिन्ह छापू नका. लोक ते सकट कॉपी करतात.

आता खरी मेख. मेकफाइल आणि निंजा हे जनरेटर (सीमेक ज्या टूलसाठी बिल्ड फाइली लिहितो त्याची निवड) एका बिल्ड फोल्डरमध्ये एकच कॉन्फिगरेशन ठेवतात. डीबग की रिलीज हे कॉन्फिगर करताना ठरतं. व्हिज्युअल स्टुडिओ आणि एक्सकोड हे जनरेटर एकाच फोल्डरमध्ये सगळी ठेवतात. तिथे ते बिल्डच्या वेळी सांगावं लागतं. लिनक्सवर बसून लिहिलेल्या डॉक्युमेंटमध्ये फक्त ‘बिल्ड टाइप’ दिलेला असतो. व्हिज्युअल स्टुडिओ तो विचारातच घेत नाही आणि डीबग बांधतो. मग ‘तुमची लायब्ररी विंडोजवर फार मंद आहे’ असा इश्यू येतो. उलट, विंडोजवाल्याच्या डॉक्युमेंटमध्ये फक्त ‘कॉन्फिग रिलीज’ असतं. लिनक्सवर त्याचा परिणाम होत नाही, बिल्ड टाइप रिकामा राहतो आणि कोड ऑप्टिमाइझच होत नाही.

दोन वेगळ्या सूचना देण्याऐवजी दोन्ही पर्याय दोन्हीकडे द्या. कॉन्फिगरला बिल्ड टाइप रिलीज, बिल्डला कॉन्फिग रिलीज. जिथे नको तिथे पर्याय निरुपद्रवी असतो. शुद्धतावादी नाक मुरडतील, मुरडू द्या.

एक पायरी किती तपशिलात लिहावी हे पाहण्यासाठी दोन नमुने. पहिला, सर्रास दिसणारा:

> बिल्ड फोल्डर तयार करून सीमेक चालवा.

कुठे उभं राहून? कोणत्या नावाचा फोल्डर? चाललं हे कसं कळणार? दुसरा:

> जिथे सीमेकलिस्ट्स फाइल दिसते त्या फोल्डरमध्ये टर्मिनल उघडा. खालची कॉन्फिगरची आज्ञा द्या. ‘बिल्ड’ नावाचा फोल्डर ती स्वतः बनवते. शेवटच्या तीन ओळी ‘कॉन्फिगरिंग डन’, ‘जनरेटिंग डन’ आणि ‘बिल्ड फाइल्स हॅव बीन रिटन टू’ अशा सुरू झाल्या की पुढे जा. ‘इनकम्प्लीट’ हा शब्द दिसला तर थांबा, त्याच्या वरची पहिली एरर वाचा.

दुसऱ्याला दोन ओळी जास्त लागल्या, पण वाचकाला विचारायला काही उरलं नाही. ‘पहिली एरर’ हे मुद्दाम लिहा. लोक शेवटची एरर चिकटवून पाठवतात, आणि ती बहुतेकदा पहिलीचा परिणाम असते.

धोका: जनरेटर, कंपायलर किंवा आर्किटेक्चर बदललं तर त्याच बिल्ड फोल्डरवर पुन्हा कॉन्फिगर करू नका. जुनी निवड कॅशमध्ये राहते. फोल्डर पुसा किंवा ‘फ्रेश’ वापरा. हा इशारा आज्ञेच्या वर हवा. खाली लिहिला तर वाचला जातो तेव्हा चूक होऊन गेलेली असते.

## टप्पा ५: पर्याय

सगळे पर्याय छापू नका. ज्यांनी वाचकाच्या प्रोग्रॅमचं लिंकिंग बदलतं ते आधी, नाव, मूळ किंमत आणि ‘चुकला तर काय दिसेल’ या तीन रकान्यांत. फीचर चालू-बंद करणारे पर्याय त्यानंतर, एकेका ओळीत.

शेअर्ड (लायब्ररी वेगळ्या फाइलीत) की स्टॅटिक (प्रोग्रॅममध्येच मिसळलेली), हा पहिला. विंडोजवर डीएलएलमधली फंक्शनं आपोआप बाहेर दिसत नाहीत. हेडरमध्ये एक्सपोर्टची खूण लागते. हीच खूण वापरणाऱ्याच्या बाजूला इम्पोर्ट म्हणून वाचली जाते. लायब्ररी स्टॅटिक बांधली आणि ‘हे स्टॅटिक आहे’ सांगणारा मॅक्रो वापरणाऱ्याच्या कोडमध्ये दिला नाही, तर लिंकर ‘इम्प’ने सुरू होणारी नावं सापडत नाहीत म्हणून एलएनके२०१९ देतो. सीमेकने जोडणाऱ्याला हा मॅक्रो टार्गेटसोबत आपोआप मिळाला पाहिजे, ते तुमचं काम. हाताने प्रोजेक्ट फाइल भरणाऱ्यासाठी मॅक्रोचं नाव तक्त्यात लिहा.

दुसरा, विंडोजचा सी रनटाइम (सी प्रोग्रॅम चालताना लागणारी मूळ लायब्ररी). तो डायनॅमिक की स्टॅटिक, डीबग की रिलीज, हे लायब्ररीत आणि प्रोग्रॅममध्ये जुळावं लागतं. न जुळल्यास एलएनके२०३८ येतो आणि त्यात ‘रनटाइम लायब्ररी’ किंवा ‘इटरेटर डीबग लेव्हल’ जुळत नाही असं लिहिलेलं असतं. सीमेक ३.१५ पासून यासाठी वेगळा व्हेरिएबल आहे. कंपायलरचे फ्लॅग हाताने बदलायला सांगणारे जुने उतारे सरळ काढून टाका. विंडोजच्या वाचकाला डीबग आणि रिलीज दोन्ही बांधायला सांगा. एक बांधून भागत नाही हे त्याला दोन दिवसांनी कळू नये.

## टप्पा ६: टेस्ट

हा भाग आखूडच असतो, पण फसवतो. सीटेस्टला एकही टेस्ट सापडली नाही तर तो तसं छापतो, पण सर्वसाधारणपणे यश म्हणूनच बाहेर पडतो. घाईतल्या वाचकाला आणि स्क्रिप्टला ते ‘पास’ वाटतं. ‘नो-टेस्ट्स’ला ‘एरर’ ही किंमत द्या, पडलेल्या टेस्टचं आउटपुट दाखवणारा पर्याय द्या, आणि व्हिज्युअल स्टुडिओसाठी कॉन्फिगरेशनचं नाव इथे पुन्हा द्या. किती टेस्ट चालायला हव्यात त्याचा नेमका आकडा लिहू नका, तो महिन्याभरात जुना होतो. ‘शून्याहून जास्त चालल्या आणि शंभर टक्के पास’ एवढं पुरे.

## टप्पा ७: इन्स्टॉल आणि जोडणी

प्रीफिक्स न देता इन्स्टॉल केलं तर लिनक्स-मॅकवर फाइली ‘युएसआर लोकल’मध्ये आणि विंडोजवर ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये जायला बघतात. परवानगी नाकारली जाते, वाचक सुडो लावतो किंवा अॅडमिन होतो, आणि पुढे त्या फाइली काढणं त्याच्या डोक्याला ताप. पहिल्याच उदाहरणात वाचकाच्या स्वतःच्या फोल्डरमधला प्रीफिक्स द्या. इन्स्टॉलनंतर तिथे काय दिसायला हवं त्याची छोटी यादी द्या: हेडर, लायब्ररी, सीमेकची कॉन्फिग फाइल. लायब्ररी फेडोरासारख्या डिस्ट्रोवर ‘लिब६४’मध्ये जाऊ शकते, डेबियनवर त्याच प्रीफिक्सखाली ‘लिब’मध्ये, यादीत दोन्ही नावं लिहा.

मग टप्पा १ मधला छोटा प्रोग्रॅम. त्याला ‘प्रीफिक्स पाथ’मध्ये हाच फोल्डर देऊन कॉन्फिगर करा, बांधा, चालवा.

चालवताना तीन प्लॅटफॉर्म तीन दिशांना जातात. विंडोजवर डीएलएल प्रोग्रॅमच्या शेजारी किंवा पाथमध्ये असावी लागते, आरपाथ (लायब्ररी कुठे शोधायची हे बायनरीतच लिहिलेला पाथ) हा प्रकारच नाही. सापडली नाही तर कोड ०xसी०००००१३५, आणि ३२-६४ बिटची सरमिसळ झाली तर ०xसी०००००७बी. लिनक्सवर ‘एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज’ आलं तर एलडीडी (प्रोग्रॅमला लागणाऱ्या लायब्ररींची यादी देणारी आज्ञा) चालवायला सांगा आणि ‘नॉट फाउंड’ची ओळ शोधायला सांगा. मॅकवर लोडरचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सुचवू नका. सिस्टिमच्या संरक्षित शेलमधून स्क्रिप्ट चालवली की मॅक तो व्हेरिएबल गाळून टाकतो आणि वाचकाला कारण सापडत नाही. इन्स्टॉल नेम आणि आरपाथ बिल्डमध्येच नीट लावा. तपासायला ओटूलची आज्ञा द्या.

## टप्पा ८: मोबाइल असेल तर

वेगळं पान करा. सुरुवातीलाच सांगा की बांधणारं मशीन आणि चालवणारं मशीन वेगळं आहे, त्यामुळे टप्पा ६ इथे तसाच लागू होत नाही. अँड्रॉइडसाठी एनडीकेची (अँड्रॉइडच्या सी-सी++ टूल संचाची) नेमकी आवृत्ती, तिच्यातली टूलचेन फाइल, एबीआय (कोणत्या प्रोसेसर प्रकारासाठी बांधायचं ते) आणि किमान प्लॅटफॉर्म पातळी, या चार गोष्टी लागतात. प्रत्येक एबीआयला वेगळा बिल्ड फोल्डर. एनडीके आर२८ पासून १६ केबी पेजसाठीची मांडणी आपोआप होते, त्याआधी लिंकरला सांगावी लागते. अँड्रॉइड १५ वा पुढचं लक्ष्य असलेल्या अॅपसाठी गुगल प्ले १ नोव्हेंबर २०२५ पासून ती मागतं, म्हणून जुनी एनडीके सुचवणारं पान आजच दुरुस्त करा. आयओएसवर डिव्हाइस आणि अॅपल सिलिकॉनवरचा सिम्युलेटर दोन्ही एआरएम६४ असल्यामुळे त्यांना एका फॅट (अनेक आर्किटेक्चर एकत्र असलेल्या) फाइलीत कोंबता येत नाही. एक्ससीफ्रेमवर्कच (प्रत्येक प्लॅटफॉर्मची बायनरी वेगळी ठेवणारं अॅपलचं पॅकेज) करायला सांगा.

## टप्पा ९: एररची यादी

या यादीत एररचा मजकूर अक्षर न अक्षर द्या, कारण वाचक तो सर्चमध्ये चिकटवणार आहे. स्क्रीनशॉट इथे कुचकामी. प्रत्येक एररखाली कारण एका वाक्यात, उपाय एका आज्ञेत, आणि ती ज्या टप्प्यावर येते त्या टप्प्यातून दुवा. एकच एरर दोनदा विचारली गेली की ती यादीत आली पाहिजे. तिसऱ्यांदा आली तर लायब्ररीच्या सीमेक फाइलीतच ती आधी पकडून स्पष्ट शब्दांत सांगता येते का ते पाहा.

## टप्पा १०: कोऱ्या मशीनवर पडताळणी

लिनक्ससाठी डिस्ट्रोची मूळ कंटेनर इमेज घ्या, आधीच टूल्स भरलेली नको. विंडोजसाठी विंडोज सँडबॉक्स सोयीचा: प्रो आणि वरच्या आवृत्त्यांत मिळतो आणि बंद केला की सगळं पुसलं जातं. मॅकवर किमान नवीन युजर अकाउंट, जमल्यास व्हर्च्युअल मशीन. डॉक्युमेंट दुसऱ्या खिडकीत उघडा आणि फक्त कॉपी-पेस्ट करा. एकही अक्षर हाताने टाइप करावं लागलं की ते डॉक्युमेंटमधलं भोक. तिथेच थांबून भरा आणि मशीन पुसून पहिल्यापासून सुरू करा. मधूनच पुढे गेलात तर अर्धवट साचलेल्या मशीनवर तपासणं झालं.

त्यानंतर लायब्ररी कधीही न बांधलेल्या एका सहकाऱ्याला बसवा. त्याच्यामागे उभे राहा आणि तोंड उघडू नका. तो जिथे स्क्रोल करून वर जातो तिथे पायऱ्यांचा क्रम चुकलेला आहे.

शेवटी आज्ञा सीआयला बांधा. डॉक्युमेंटच्या फाइलीतल्या कोडच्या चौकटी काढून जशाच्या तशा चालवणारी छोटी स्क्रिप्ट लिहा, टप्पा १ च्या प्रोग्रॅमसकट. ती तिन्ही प्लॅटफॉर्मवर, कॅश न वापरता, रोज रात्री चालवा. सीआयच्या इमेजवर बरीच टूल्स आधीच असतात, त्यामुळे टप्पा ३ मधली कमतरता तिथे दिसत नाही. कोऱ्या मशीनवरची हाताने केलेली फेरी प्रत्येक मोठ्या रिलीजआधी आणि कंपायलरची किमान आवृत्ती बदलली की पुन्हा करावीच लागते.